दीड इंचाचं रुंदीकरण

रायगड जिल्ह्यात रुंदीकरणाची नुसती कुणकुण लागली तरी माणूस आधी आपल्या ओट्याकडे बघतो आणि मग समोरच्याच्या. रस्ता रुंद व्हावा याबद्दल कुणाचं दुमत नसतं. तो समोरच्या अंगाने व्हावा, एवढंच प्रत्येकाचं नम्र म्हणणं असतं. पळस्पे ते इंदापूर टप्प्याचं चौपदरीकरण २०११ च्या अखेरीस सुरू झालं. तेव्हापासून आमच्याकडची लहान पोरंसुद्धा ‘संपादन’, ‘बाधित’, ‘मोबदला’ हे शब्द व्याकरणशुद्ध वापरतात. तरी रुंदीकरणाचं सगळं नाट्य एका जागी बसून बघायचा योग मला महामार्गावर आला नाही. तो आला रोह्याला चिकटलेल्या वरसे गावात, माझ्या मामांच्या अंगणात. तिथे रुंद व्हायचं होतं मोटारीचं चाक. किती? दीड इंच.

मामा भूमी अभिलेख खात्यातून निवृत्त झालेले भूकरमापक. लोकांच्या तोंडी मोजणीदार. उभी हयात दुसऱ्यांच्या हद्दी कायम करण्यात गेली, त्यामुळे कुठल्याही दोन वस्तूंच्या मधली जागा दिसली की ती मोजल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. लग्नाच्या पंगतीत दोन पानांतलं अंतर त्यांनी वितीने मोजलेलं मी पाहिलं आहे. आयुष्यात त्यांनी चैन एकच केली. १९७६ सालची प्रीमियर पद्मिनी घेतली, तीही तिसऱ्या मालकाकडून.

पद्मिनीचं खानदान मोठं. इटलीच्या फियाट ११०० डी या गाडीचं हे कुर्ल्यात वाढलेलं रूप. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कंपनीच्या कारखान्यातून १९६४ मध्ये ती ‘डिलाइट’ नावाने बाहेर पडली, १९७२ मध्ये ‘प्रेसिडेंट’ झाली आणि १९७४ मध्ये ‘पद्मिनी’. अध्यक्षपद सोडून कुणी पद्मिनी झाल्याचं दुसरं उदाहरण माझ्या माहितीत नाही. तिच्या आधीची, उलट्या दरवाज्यांची गोलमटोल फियाट मुंबईभर ‘डुक्कर फियाट’ म्हणून ओळखली जायची. तिचा विषय मामांसमोर काढायचा नाही, कारण ते ‘थोरल्या घराण्याबद्दल असं बोलू नये’ म्हणतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत संपली, त्या रात्री मामा जेवले नव्हते. मामींच्या मते त्यांना दुपारची भजी बाधली होती.

तर अशा या घरंदाज गाडीचे टायर झिजले. पद्मिनीचा मूळ टायर ५.२०-१४, म्हणजे रिम चौदा इंचांची आणि टायरची रुंदी ५.२० इंच, मिलिमीटरमध्ये १३२. टायरवाल्याने तो नंबर ऐकून दुकानातल्या सर्वांत वयस्कर माणसाला बोलावलं. त्या माणसाने टायरकडे बघून, ओळखीचं कुणी भेटावं तसं स्मित केलं आणि सांगितलं, “मागवावा लागेल. कधी येईल ते विचारू नका. त्यापेक्षा १७५/७० टाका, ढिगाने मिळतो.”

१७५/७० म्हणजे रुंदी १७५ मिलिमीटर आणि बाजूची भिंत त्याच्या सत्तर टक्के उंच. मामांनी तिथेच पावतीच्या पाठीवर गणित मांडलं. चाकाची एकूण उंची जवळपास तेवढीच राहते, फरक पडला तर काही मिलिमीटरचा. म्हणजे स्पीडोमीटर जेवढं आधीपासून खोटं बोलत होतं, तेवढंच पुढेही बोलेल. अडचण एकच. टायर फुगला ४३ मिलिमीटरने आणि रिम राहिली जुनी, अरुंद. अरुंद रिमवर रुंद टायर चढवला तर तो चढतो जरूर, पण त्याच्या दोन्ही कडा आत चिमटल्या जातात, पोट बाहेर येतं, मधलाच पट्टा रस्त्याला टेकून झिजतो आणि वळणावर गाडी लचकत चालते. म्हणून रिमही रुंद हवी, निदान दीड इंचाने.

पुण्याला संगणकाच्या नोकरीत असलेल्या मामेभावाने या सुमारास मोबाइलवरून आगीत तेल ओतायला सुरुवात केली. अमेरिकेतले लोक रिमचं सेंटर कापून उलटं बसवतात आणि वर क्रोम चढवतात. इंग्लंडात मिनीच्या, जर्मनीत बीटलच्या रिमा कापून मध्ये पट्टी घालतात. आपल्याकडेही मद्रासजवळ शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर फियाट गाड्या शर्यतीत पळत होत्या. असे एकेक फोटो येऊ लागले. मामा चष्मा कपाळावर चढवून प्रत्येक फोटो मोठा करत आणि म्हणत, “यांनी बाहेरच्या अंगाला वाढवलंय. लगतच्यांना विचारलेलं दिसत नाही.”

आता वरसेची एक गंमत सांगितली पाहिजे. शेजारी धाटावची एमआयडीसी, रसायनांच्या कारखान्यांची. त्यामुळे आमच्या भागात घरटी एक फिटर, नाहीतर वेल्डर, नाहीतर ऑपरेटर. दुसऱ्या गावात रिम कापायची तर ‘कोण करील?’ हा प्रश्न पडतो. इथे ‘कोणाला नाही म्हणायचं?’ हा पडतो. तिन्ही पाळ्यांचे सल्लागार आपापल्या वेळेप्रमाणे अंगणात हजर होत. रात्रपाळीवाला सकाळी साडेसातला येऊन मत देई आणि ते दुपारपाळीवाला अकरा वाजता खोडून काढी.

काम अखेर धाटावच्या एका मिस्त्रींकडे गेलं. हे गृहस्थ कारखान्यांच्या टाक्या, रिअॅक्टरची जॅकेटं, मोठमोठे पाइप बनवणारे. त्यांचे वडील लोहार होते. बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव चढवायचे, लालबुंद तापवून, आणि वर पाणी ओतून ती आवळायचे. पुढे डनलॉपच्या टायरवाल्या बैलगाड्या आल्या आणि धावा चढवायचं काम गेलं. यातली मौज अशी की ज्याच्या नावाने ही गाडी ओळखली जाते तो जॉन बॉइड डनलॉप मूळचा गुरांचा डॉक्टर. बेलफास्टमध्ये १८८८ साली मुलाच्या तीनचाकी सायकलीला त्याने हवेचा टायर लावला. त्याने बैलांचं भलंच केलं म्हणा, लोहाराला मात्र विचारलं नाही. मिस्त्रींना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “म्हणजे डॉक्टरने आमच्या बापाची रोजी घालवली आणि मोजणीदारसाहेब ती मला परत देतायत.”

मिस्त्रींची पहिली अट: मूळ रिमांना ब्लेड लागणार नाही. कुर्ल्याच्या भंगारातून पाच जुन्या रिमा आणा, त्यांवर काय ते होऊ द्या. दुसरी अट: शटडाऊन संपू द्या. पावसाळ्याआधी कारखाने दुरुस्तीसाठी बंद होतात तेव्हा धाटावचा वेल्डर पंतप्रधानांनाही भेटत नाही. त्या मोकळ्या वेळात मामांनी मुख्य प्रश्न हातात घेतला. वाढीव दीड इंच कुठल्या अंगाला?

जमिनीची मोजणी करायची तर लगतच्या खातेदारांना आधी नोटीस द्यावी लागते. चाकाला लगतधारक दोन. आतल्या बाजूला मागे पाट्यांची स्प्रिंग आणि पुढे सस्पेन्शनचे आर्म, बाहेरच्या बाजूला मडगार्ड. पट्टी आत घातली तर स्टिअरिंग पूर्ण फिरवलं की टायर आर्मला घासणार. बाहेर घातली तर खड्ड्यात गाडी बसली की मडगार्डची कड टायर सोलणार. शिवाय चाक बाहेर सरकल्याने हबच्या बेअरिंगवर जोर वाढतो, स्टिअरिंग जड होतं आणि खड्ड्याचा प्रत्येक धक्का थेट मनगटापर्यंत येतो. रात्रपाळीचं मत ‘आत’ पडलं, दुपारपाळीचं ‘बाहेर’. जनरल शिफ्टवाले सुशिक्षित असल्यामुळे त्यांनी ‘निम्मं आत, निम्मं बाहेर’ असा तोडगा काढला. त्यावर मिस्त्री हसले. निम्मं-निम्मं म्हणजे एका रिमला दोन काप, दोन पट्ट्या. आणि पाऊण इंचाच्या पट्टीला दोन्ही कडांनी वेल्डिंग म्हणजे पट्टी कमी आणि वेल्डिंगच जास्त. “मग सेंटर सोडवून सरकवा,” असं कुणी सुचवलं तेव्हा मात्र त्यांनी हात जोडले. सेंटर जरा तिरकं बसलं की चाक नाचतं, आणि नाचणारं चाक तमाशात चालतं, गाडीला नाही.

मामांनी जागा मोजायची ठरवली. पण टायर आणि मडगार्ड यांच्यातली फट गाडी उभी असताना मोजून काय उपयोग? ती बसल्यावर किती उरते, ते महत्त्वाचं. त्यासाठी त्यांनी मामींकडून कणकेच्या गोळ्यांसाठी पीठ मागितलं. मामींनी नवऱ्याला पस्तीस वर्षांत एवढी घट्ट कणीक मळताना पाहिलं नव्हतं. गोळे टायरच्या खांद्यावर आणि मडगार्डच्या आतल्या कडेला चिकटवले. मग वरसेतल्या चार वजनदार आसाम्यांना मागच्या सीटवर आणि डिकीच्या झाकणावर बसायची विनंती झाली. त्यांतल्या एका माजी सदस्यांनी, आपली निवड नक्की कशाच्या आधारावर झाली, असं विचारलंही. मामा म्हणाले, “सार्वजनिक हिताच्या.” गाडी बसली, गोळे चपटले. चौघांना उतरवून मामांनी ते गोळे एकेक सोडवले, लेबलं लावली (‘मागील डावे, बाह्य’) आणि व्हर्नियरने मोजले. बाहेरच्या अंगाला शिल्लक ३६ मिलिमीटर निघाली. गरज होती चाळीसची, कारण सगळी पट्टी बाहेर घातली की टायरची बाहेरची कड चाळीस मिलिमीटर पुढे येते आणि आतली जेमतेम दोन मिलिमीटर आत जाते. म्हणजे तंटा उरला चार मिलिमीटरचा. मामांनी निवाडा दिला: आर्म आणि स्प्रिंग यांना मोकळं सोडावं, मडगार्डला बाधित घोषित करून त्याची आतली कड मुडपून घ्यावी. मोबदला म्हणून मडगार्डला आतून गंजरोधक रंग. इतक्या झटपट आणि एकही हरकत न येता झालेलं भूसंपादन जिल्ह्यात दुसरं झालं नसावं.

शटडाऊन संपला. मिस्त्रींनी पहिली रिम लेथच्या चकात धरली, डायल लावला आणि हाताने हळूहळू फिरवली. काटा थोडा हलला. जुनी रिम, कुठल्या तरी खड्ड्याची आठवण ठेवून होती. ती त्यांनी भंगारात परत टाकली आणि बदली दुसरी मागवली. चांगली निघाली तिच्यावर, सेंटरच्या बाहेरच्या अंगाला, टूलने बारीक रेघ ओढली. गॅसने कापलं तर पत्रा तापून वेडावाकडा होतो, म्हणून रेघेवरून लेथवरच कापायचं. रिमच्या मधला खोलगट पट्टा मात्र जसाच्या तसा ठेवायचा. टायर चढवताना त्याची एक कड त्या खळग्यात उतरते म्हणूनच दुसरी कड वरून येते. खळगा भरून काढला तर चाक दिसायला देखणं होईल, टायर त्यावर ब्रह्मदेवालाही चढवता येणार नाही.

आता पट्टी. कापलेल्या जागी रिमचा आतला व्यास ३३० मिलिमीटर, पत्रा तीन मिलिमीटरचा. मामांनी खिशातून कागद काढला: ३३० गुणिले बावीस सप्तमांश, १०३७ मिलिमीटर लांब पट्टी. मिस्त्री म्हणाले, “साहेब, नऊ मिलिमीटर तोकडी पडेल.” पत्रा गोल वाकवला की त्याची आतली बाजू आवळते, बाहेरची ताणते. लांबी कायम राहते ती मधल्या रेषेची. म्हणून हिशेब आतल्या व्यासावर करायचा नाही, मधल्या व्यासावर करायचा: ३३० अधिक तीन, ३३३. म्हणजे पट्टी १०४६. टाक्यांचे पत्रे रोल करण्यात उभा जन्म गेलेल्या माणसाला हे झोपेतही येतं. मामा बराच वेळ कागदाकडे बघत राहिले. त्यांचं आयुष्य गेलं ज्या जगात, तिथे नऊ मिलिमीटर म्हणजे दोन पिढ्यांचा दावा. मग त्यांनी मिस्त्रींना वाकून नमस्कार केला, आणि मिस्त्री इतके गडबडले की हातातला ग्राइंडर चालूच राहिला.

पट्टी रोल होऊन आली. ती दोन भागांच्या मध्ये बसवली आणि चार ठिकाणी समोरासमोर टॅक मारले. पुन्हा लेथवर, पुन्हा डायल. एक मिलिमीटरच्या आत काटा राहिला, तेव्हा कुठे वेल्डिंग. तेही सलग नाही. इथे दोन बोटं, मग त्याच्या बरोबर समोर दोन बोटं, म्हणजे उष्णता वाटली जाते आणि रिम ओढली जात नाही. एवढा सगळा खटाटोप, पण चाकाचं वजन वाढलं ते किलोच्या आतच. दीड इंचाच्या पट्टीत लोखंड असतंच किती!

मग मिस्त्रींनी डीपी केली. रिअॅक्टरच्या जोडाला करतात ती. जोडावर लाल रंगाचं पातळ द्रव्य लावायचं, पुसायचं आणि वर पांढऱ्या भुकटीचा फवारा मारायचा. कुठे केसाएवढी चीर असेल तर आत मुरलेला लाल रंग पांढऱ्यावर उमटतो. पहिल्या रिमवर एका जागी उमटला. तेवढा भाग घासून पुन्हा भरला. पाचही रिमा पांढऱ्याफटक, त्यांतल्या एकीला लाल टिळा, अशा ओळीने वाळत ठेवलेल्या पाहून मामींना वाटलं की पूजा झाली. त्यांनी उरलेल्या चौघींनाही कुंकू लावलं. पुढे त्या चार रिमा चिरलेल्या समजून मिस्त्रींच्या पोऱ्याने घासायला घेतल्या.

मडगार्डची कड मुडपायला मिस्त्री अंगणातच आले. गॅसचं नळकांडं उतरवलं आणि एकदम थांबून मामींना म्हणाले, “परमिट?” रसायनांच्या कारखान्यात ज्योत पेटवायची तर हॉट वर्क परमिट लागतं. जागा तपासून, सही करून, आणि आग विझवायला शेजारी एक माणूस उभा करून. इथे मागच्या मडगार्डपासून पेट्रोलची टाकी लांब नव्हती, तेव्हा अट गैर नव्हती. मामींनी वाणसामानाच्या वहीत ‘काम करण्यास हरकत नाही’ लिहून सही केली आणि पाण्याची बादली घेऊन दोन तास उभ्या राहिल्या. मामा मध्ये पाण्याचा तांब्या भरायला गेले, तर त्यांना त्या बादलीला हात लावू दिला नाही.

दसऱ्याला गाडी सजली. झेंडूच्या माळा, रुंद चाकांवर जुनेच चकचकीत व्हीलकप. दुसऱ्या दिवशी रोह्यात धावीर महाराजांची पालखी निघते, पोलीस सलामी देतात, सगळं गाव रस्त्यावर असतं. त्या गर्दीतून मामा गाडी घेऊन निघाले, आणि बाजारात वळताना लक्षात आलं की स्टिअरिंग आता दोन हातांचं नाही, दोन माणसांचं काम आहे. पॉवर स्टिअरिंग पद्मिनीला कधीच नव्हतं. मी शेजारून हात लावला. सरळ रस्त्यावर मात्र गाडी ठाण मांडून चालली. फक्त डांबरात ट्रकनी पाडलेल्या चाकोऱ्या आल्या की रुंद टायर त्यांच्यामागे जात आणि गाडी स्वतःच्या मर्जीने कोलाडकडे निघे.

परत आल्यावर मामेभावाचा फोन आला. पोराने या वेळी फोटो पाठवला नव्हता, कायदा पाठवला होता. मोटार वाहन कायदा, १९८८, कलम ५२: गाडीच्या मूळ नोंदीशी विसंगत बदल करता येणार नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच स्पष्ट केलं. आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने दर बदलामागे पाच हजार दंड, नाहीतर सहा महिन्यांपर्यंत कैद, नाहीतर दोन्ही. वर आणखी २०२१ चा नियम: पन्नास वर्षं झालेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते, वीस हजार भरून ‘व्हीए’ अक्षरांची पाटी मिळते, पण गाडी मूळ स्वरूपात हवी. आणि मामांची पद्मिनी १९७६ ची.

माणूस अशा वेळी घाबरतो. मामा खुलले. निवृत्तीनंतर प्रथमच त्यांच्यापुढे अन्वयार्थाचा प्रश्न आला होता. जुन्या पाच रिमा माळ्यावर पोत्यात गुंडाळलेल्या होत्याच, त्या त्याच संध्याकाळी खाली आल्या आणि गाडीला चढल्या. रुंद रिमा अंगणात तुळशीशेजारी उभ्या राहिल्या. मग मामांनी फूलस्केप कागद घेतला, डावीकडे समास पाडला आणि लिहिलं:

“प्रति, परिवहन कार्यालय, पेण. विषय: चारचाकी वाहनाच्या चाकांचे रुंदीकरण (दीड इंच) – मार्गदर्शन मिळणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयान्वये विनंती की, चारही चाके एकाच मापाने रुंद केल्यास तो बदल एक समजावा अथवा चार? स्टेपनी ही डिकीत असल्याने ती बदलाच्या व्याख्येत येते काय? तसेच रुंद चाके वाहनास न लावता वाहनालगत अंगणात उभी ठेवल्यास वाहन मूळ स्वरूपात आहे असे धरता येईल काय? मडगार्डची चार मिलिमीटर कड संपादित झालेली असून ती पूर्ववत करणे आवश्यक असल्यास तसे कळवावे.”

मामींनी चष्मा लावून सगळं वाचलं, कागद परत दिला आणि म्हणाल्या, “खाली लिहा, प्रत माहितीस्तव: मिस्त्री. त्यांचे पैसे द्यायचे राहिलेत.”